बास म्हणजे जिताडा

“बास, बास, अरे बास!”

विन्सेंट ओरडत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. आम्ही म्हणजे तळ्याच्या अलीकडच्या काठावरची मंडळी: मी, दोन फिलिपिनो पोरं आणि एक रिटायर्ड इंग्रज. या इंग्रजाच्या जाकिटाला इतके खिसे होते की त्यात हरवलेली गाडीची किल्ली शोधता शोधता एकदा रमजान उजाडला होता. धुकं असं की त्या सकाळी उंटांनीसुद्धा हॉर्न वाजवत चालावं. हातातला चहा मला दिसत नव्हता, मी वाफेच्या अंदाजाने तोंड पुढे नेत होतो. पलीकडचा काठ तर खलास. तो जगातून काढूनच टाकला होता. तिकडून येत होता नुसता आवाज, “बास, बास”, आणि पाण्यात कुणी म्हैस आपटावी तसा धबाधबा.

“बास,” फिलिपिनो नाचायला लागले. “सर गॉट अ बास.” इंग्रजाने टोपी काढून छातीशी धरली, जणू राणीची स्वारी चाललीय. मी रायगडचा माणूस. दुसऱ्याला मोठा मासा लागला की मला आठवडाभर अन्न गोड लागत नाही. पण त्या दिवशी मीही मोठं मन केलं आणि धुक्याकडे तोंड करून ओरडलो, “शाब्बास.” पलीकडे त्यातलं अर्धंच पोचलं असणार. म्हणजे मीही बासच म्हणालो.

हे सगळं आज आठवायचं कारण एवढंच की सकाळी उठून एसी बंद केला.

ज्यांना हे वाक्य साधं वाटतं त्यांनी आखातात एक उन्हाळा काढावा. इथे ऋतू दोनच, भट्टी आणि सुट्टी. भट्टीच्या दिवसांत समुद्राचं पाणी असं तापतं की मासा शिजूनच बाहेर येतो, वरून फक्त लिंबू पिळायचं. माझी बायको मुंब्र्याची असल्यामुळे हे खरं मानते. मग एखाद्या नोव्हेंबरच्या पहाटे दुबईत जेएलटीतल्या आमच्या टॉवरची खिडकी उघडावी तर आत चक्क हवा येते. हवा म्हणजे फुकटची, मीटर नसलेली. तिला ओल्या वाळूचा, डिझेलचा आणि खालच्या कॅफेटेरियातल्या करकचाईचा, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा, वास असतो. माणसं एकमेकांना लिफ्टमध्ये ‘वेदर छान झालं ना’ म्हणतात आणि ते वेदर स्वतःच घरी बनवून आणल्यासारखी लाजतात. बाल्कनीतल्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या गरीच्या, म्हणजे गळाच्या, काठ्या बाहेर निघतात. आमच्या ‘गरी ग्रुप’वर रॉकीचा मेसेज येतो, “सीझन ओपन. कोण कोण येतंय? यल्ला.” आजही तो आला. त्याखाली कुणीतरी तो जुना व्हिडिओ टाकला, त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे ओळीने उभे राहिले. विन्सेंटने अंगठा टाकला. म्हणजे अंगठ्याचं ते पिवळं चित्र टाकलं. तो नेहमी तेच टाकतो.

विन्सेंट आणि रॉकी साडू. दोघे वसईचे, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, लीना मोठी, सेलिन धाकटी. साडू हे नातं कुणी शोधून काढलं त्याला वाळवंटात उन्हाळ्यात अनवाणी चालवला पाहिजे. भावाभावांत निदान आई एक असते, तिची दोघांनाही लाज वाटते. साडूंमध्ये सासू एक असते, आणि ती एकाचंच कौतुक करते. यांच्या सासूने, म्हणजे आम्ही सगळे जिला मावशी म्हणतो तिने, विन्सेंटचं धरलं होतं. तो मरीनातल्या एका मोठ्या हॉटेलात पेस्ट्री किचनला. त्याने केलेल्या लग्नाच्या केकचा फोटो मावशीच्या मोबाइलच्या तोंडावरच होता, आणि वसईत तिला वेळ विचारली की ती मोबाइल दाखवायची, मनगटावर घड्याळ असताना. रॉकी जबल अली बंदरात लॉजिस्टिक्समध्ये सीनियर मॅनेजर, मरीनात समुद्राकडे तोंड केलेलं घर, गाडी अशी की ती पार्क करायला गल्लीने श्वास आत घ्यावा लागतो. पण कंटेनरचा फोटो कुठली सासू मोबाइलवर लावते?

आता विन्सेंटचा हात. मी थापा मारतो हे मला ओळखणारा प्रत्येक जण शपथेवर सांगेल, पण याबद्दल नाही. तो साखरेची फुलं करायचा. पाक उकळून, थोडा निवायला आला की दिव्याखाली ठेवून ओढायचा, आणि अंगठ्याच्या पेराने गुलाबाची एकेक पाकळी काढायचा. पाकळीची कड इतकी पातळ की तिच्याआडून माणसाला पगाराची स्लिप वाचता यावी. “डोळ्यांना कळत नाही, मुनाफभाई,” तो मला एकदा म्हणाला होता, “किती ओढायचं ते अंगठ्यालाच कळतं. जरा जास्त झालं की तुटते, जरा कमी झालं की कोबी.” त्या हिवाळ्यात त्याच्या हॉटेलात पेस्ट्रीची मुख्य जागा रिकामी झाली होती. तिच्यासाठी ट्रायल ठेवली होती, सगळ्या साहेबांसमोर, आणि विन्सेंटला करायला सांगितलं होतं काय, तर साखरेचा गुलाब. जागा त्याचीच, असं भांडी घासणाऱ्यांपासून सगळे म्हणत होते. ती मिळाली की लीनाला आणि वसईत आजीकडे वाढणाऱ्या लेकीला फॅमिली व्हिसावर इकडे आणता येणार होतं. लीना तोवर दर वर्षी व्हिजिटवर यायची आणि परतीच्या दिवशी बॅगेवर बसून चेन लावता लावता रडायची. चेन लागली की रडणंही बंद. तेवढा वेळ तिने ठरवूनच दिला होता.

तर त्या रविवारी विन्सेंटने घरी बसून पाक ओढायला हवा होता. रॉकीने त्याला उचलला. “साखरेची फुलं धरणारा हात आहे तुझा, विन्स. खरा मासा एकदा धरून बघ, मग कळेल वजन कशाला म्हणतात.” आणि विन्सेंट आला. सासूने असं बोललेलं एक वेळ चालतं, साडूने बोललेलं नाही.

जबल अलीच्या मागे, हायवे सोडून वाळूत शिरलं की एका अरबाची शेतवाडी आहे. मजरा म्हणतात तिला. खजुराची झाडं, चार शेळ्या, एक मोर, जो स्वतःला मालक समजतो, आणि मधोमध खणलेलं मचूळ पाण्याचं तळं. त्यात सोडलेत सी बास. इंग्रज त्याला ‘बॅस’ म्हणतो, फिलिपिनो आणि आम्ही ‘बास’. आणि एकदा पाण्याबाहेर आला की मी त्याला जिताडा म्हणतो, कारण तो जिताडाच आहे. तोच सोनेरी डोळा, तोच पुढे आलेला खालचा जबडा, तोच सरकारी तोरा. विन्सेंट-रॉकी त्याला खजुरा म्हणतात. खजुराच्या देशात खजुरा. आमच्या रायगडात जिताड्याचं स्थान तुम्हाला काय सांगू? जमिनीचा सातबारा अडला की साहेबाच्या घरी जिताडा जायचा आणि सातबारा पोहत बाहेर यायचा. माझ्या चाचाचं लग्न जुळत नव्हतं, एका जिताड्यावर जुळलं. चाची अजून म्हणते, मी माशाकडे बघून हो म्हटलं, माणूस नंतर दिसला.

आणि असा मासा इथे पकडून सोडून द्यायचा. नियम आहे. चारा लावायचा नाही, कोळंबी नाही, काही खरं नाही. फक्त लूअर. प्लास्टिकचा रंगवलेला खोटा मासा, पोटाखाली आणि शेपटाशी तीन-तीन तोंडांच्या गऱ्या लटकलेल्या. रॉकीकडे असल्या खोट्या माशांची पेटी आहे, एकेकाच्या किमतीत आमच्याकडे दोन खरे पापलेट आणि वर कोथिंबीर येते. मी त्या पेटीकडे बघत बसतो आणि मला आमचे जुने लोक आठवतात. ते गरीला कोळंबी लावायचे. फसवायचे, पण मरणाऱ्याच्या तोंडात निदान घास असायचा. इथे मासा भुकेला येतो, रंगाला भुलतो, तोंडात लोखंड घेतो, जिवाच्या आकांताने ओढतो, मग बाहेर काढून त्याचा फोटो होतो, लांबी होते, आणि पाठीवर थोपटून त्याला परत पाण्यात. मारून खाल्लं तर तो व्यवहार झाला. हे सोडणं म्हणजे थट्टा करून घरी पाठवणं. आणि सोडलेला मासा पुढच्या रविवारी परत लागतो, हे सगळ्यात वाईट. त्याच जबड्यातल्या जुन्या भोकाशेजारी नवं भोक.

अजून एक नियम. गरीच्या टोकाला मागे वळलेला जो उलटा काटा असतो, तो पकडीने चेपून यायचं. म्हणजे गरी जशी गेली तशी निघते, माशाला इजा कमी. गेटवर राखणदार गुल, पेशावरकडचा, सहा फुटी, प्रत्येकाची गरी स्वतःच्या बाहीवर ओढून बघायचा. बाहीत अडकली की परत पाठवायचा. रॉकीने त्याला दाखवायची पेटी वेगळी ठेवली होती आणि वापरायची वेगळी. कारण काटा चेपला की मोठा मासा डोकं झटकून सुटतो, आणि रॉकीला मोठाच मासा हवा होता. मजऱ्यावर एक फळा आहे, त्यावर त्या सीझनचा सगळ्यात लांब मासा आणि धरणाऱ्याचं नाव. नाव तिथे त्या खिशावाल्या इंग्रजाचं होतं. रॉकीला ते पुसायचं होतं, आपलं लिहायचं होतं, त्याखाली उभं राहून माशासकट फोटो काढायचा होता आणि तो वसईला पाठवायचा होता. कुणाच्या मोबाइलसाठी, ते सांगायला नको.

पुढचं मी पाहिलं नाही, धुकं होतं. पण रॉकीच्या टोपीला कॅमेरा होता, आणि त्या कॅमेऱ्याने पाहिलेलं आता अर्ध्या दुबईने आणि सगळ्या वसईने पाहिलंय.

दिसतं ते असं. रॉकीची काठी वाकलेली, धनुष्यासारखी. दोरी ताठ. पाण्यात काहीतरी पिवळसर, लांब, वळतंय. मासा केवढा होता? मी पहिल्या वर्षी हाताएवढा सांगत होतो, आता तो माझ्या धाकट्या भावाएवढा झालाय, पुढच्या वर्षी त्याला नोकरी लावून देईन. पण मोठा होता. जाळी गाडीतच राहिलेली. रॉकीचा आवाज येतो, “विन्स, उतर खाली. तोंडात अंगठा घाल आणि जबडा धर. दात नसतात त्याला. सगळे असंच धरतात.” हे खरं आहे. असंच धरतात. विन्सेंट गुडघाभर पाण्यात उतरतो, बूट काढून, पँट नीट दुमडून, किचनमध्ये दुमडतो तशी. वाकतो. अंगठा जबड्यात घालतो, मासा धरतो, आणि वर बघून हसतो. खरंच हसतो. त्या व्हिडिओत तेवढंच एक बघण्यासारखं आहे.

मग मासा डोकं झटकतो. लूअरच्या पुढच्या गऱ्या माशाच्या गालफडात होत्या. मागच्या गऱ्या मोकळ्या, लोंबत होत्या. त्या विन्सेंटच्या अंगठ्याच्या मुळात बसल्या, न चेपलेल्या काट्यासकट. आता एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला विन्सेंट, मध्ये प्लास्टिक, आणि दोघांना ओढणारा रॉकी. मासा खाली दडी मारतो, हात खाली जातो. रॉकी वर खेचतो, हात वर येतो. “बास, बास, अरे बास.” रॉकी म्हणतो, “मस्त, मस्त, सोडू नको.” पलीकडून टाळ्या. पलीकडून कुणीतरी कोकण्या “…ब्बास” म्हणतो.

आता या शब्दाकडे जरा निवांत बघू, मला त्याने अनेक दुपारी झोपू दिलेलं नाही. अरबाला पुरे म्हणायचं असेल तर तो म्हणतो ‘बस’. हिंदीवाला म्हणतो ‘बस’. गुल पठाण बस म्हणतो, मल्याळी टॅक्सीवाला बस म्हणतो, आमच्या बिल्डिंगचा नेपाळी वॉचमन बस म्हणतो. विन्सेंट वर्षानुवर्षं किचनमध्ये दिवसभर हिंदी बोललाय. ऑफिसात, बाजारात, बँकेत, सगळीकडे बसच म्हणालाय. त्या क्षणी तो नुसता ‘बस’ ओरडला असता तर गुल धावत आला असता. फिलिपिनोही उमजले असते, इतकी वर्षं अरबाची चाकरी केल्यावर तेवढं कुणालाही कळतं. पण हाताला लोखंड लागलं तेव्हा विन्सेंटला हिंदी आठवली नाही. अरबी आठवली नाही. वसईची भाषा आठवली. आम्ही मराठी माणसं तो एक ‘आ’ लांबवतो, त्या लांबलेल्या ‘आ’त मासा शिरला, आणि अख्ख्या तळ्याने एका माणसाच्या किंचाळण्याचं अभिनंदन केलं.

त्या मजऱ्यावर मराठी कळणारी माणसं तीन. एक ओरडत होता. एक मी, तळ्यापल्याड, धुक्यात, चहात. आणि एक रॉकी, काठीच्या अंतरावर. माझी बायको म्हणते, “त्याला तरी काय दोष? बास म्हटलं की मासाच वाटणार.” असेल. पण मी तो व्हिडिओ आवाज मोठा करून ऐकलाय. विन्सेंट ‘अरे बास’ म्हणतो. माशाला कुणी अरे म्हणत नाही.

मी धावत पोचलो. धावत म्हणजे माझ्या वजनाचा माणूस वाळूत धावतो तसा, माझ्यामागे तळ्याला एक नवीन फाटा फुटला असेल. पोचलो तेव्हा गुलही आला होता. मासा काठावर मोजायच्या फळीवर आडवा, त्याच्या तोंडाशी विन्सेंटचा हात, जणू दोघांची मिळून लांबी घेतायत. विन्सेंट गुडघ्यांवर बसलेला, चेहरा पिठीसाखरेसारखा.

“गुलभाई, एक मिनिट,” रॉकी म्हणाला. “लांबी लिहून घ्या आधी.”

गुलने लांबी बघितली. मग खिशातून तार कापायची कातर काढली. मी म्हटलं, “अरे, हाथ पहले.”

“पहले मछली,” गुल म्हणाला. “मछली मालिक की है, साब. हाथ तो आपका अपना है.”

त्याने माशाकडची गरी कातरून सोडवली, काटा बाहेर ढकलला, माशाला दोन्ही हातांवर घेतलं, पाण्यात उभं राहून त्याला पुढेमागे हलवलं, कल्ल्यांत पाणी जाऊ दिलं. इतकं हळुवार की लहान मुलाला आंघोळ घालतोय असं वाटावं. मासा शुद्धीवर आला, शेपूट मारून गेला. मग गुल विन्सेंटकडे वळला आणि गरीवरचा तो उलटा काटा त्याला दिसला. तो रॉकीकडे बघत राहिला. रॉकी फळ्यावर आपलं नाव नीट लिहिलं जातंय का ते बघत होता.

गाडीत मी विन्सेंटचा हात माझ्या मांडीवर घेतला होता, पंच्यात गुंडाळून. “फार दुखतंय का रे?”

“नाही,” तो म्हणाला. “काहीच दुखत नाहीये, मुनाफभाई.”

मी म्हटलं, अल्हम्दुलिल्ला. रॉकी म्हणाला, बघ, मी म्हटलं ना, किरकोळ आहे. आम्ही दोघेही खूश झालो. न दुखणं ही वाईट बातमी असते हे डॉक्टरने सांगितलं. आत ओढाओढीत अंगठ्याला स्पर्श कळवणारी नस फाटली होती. “एका झटक्यात गेली असती तर शिवता आली असती,” डॉक्टर बाई म्हणाल्या, “ही ओढून ओढून गेलीय.”

हॉटेल दयाळू होतं. ट्रायल पुढे ढकलली. पट्टी निघाली, अंगठा दिसायला पहिल्यासारखाच. वाकतो, वळतो, चमचा धरतो. विन्सेंटने दिव्याखाली पाक ओढला. त्याच्या हाताखालच्या पोराने मला पुढे सांगितलं की शेफ प्रत्येक पाकळीनंतर थांबत होते, डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. गुलाब झाला. साहेबांच्या रांगेतल्या एकाने तो प्लेटसकट उचलला, फिरवून बघितला आणि चांगल्या मनाने विचारलं, “व्हेरी नाइस. कॅबेज?”

आता तो स्टाफ कँटीनला आहे. ब्रेड पुडिंग, मोठ्या ट्रेमध्ये, लेबर कँपच्या बसेस भरतील इतकं. पगार तोच राहिला, व्हिसाही तोच, एकट्याचा. ट्रे भट्टीतून काढताना अंगठा टेकतो. त्याला कळत नाही. लीना व्हिजिटवर आलेली असली की संध्याकाळी फोड बघते आणि म्हणते, “अहो, भाजलंय.” ती सांगते तेव्हा त्याला भाजतं.

आणि व्हिडिओ. त्याला कुणीतरी ताल लावला. बास-बास-अरे-बास, खाली ढोल. वसईच्या एका लग्नात त्यावर वरात नाचली. ख्रिसमस पार्टीला डीजेने तो लावला तेव्हा विन्सेंट खुर्चीत होता, लोकांनी त्याला ओढून मध्ये आणलं, आणि तो नाचला. हात वर करून नाचला. माझ्या पोरीला मी म्हटलं, त्या अंकलना लागलंय त्यात, हसू नये. ती मान वर न करता म्हणाली, “अब्बा, इट्स जस्ट अ मीम. ही इज लाफिंग टू.” ते खरं होतं. सगळ्यात मोठ्याने तोच हसत होता. मावशीच्या मोबाइलवर केक जाऊन मासा आला, रॉकीने पाठवलेला. फोटोत माशाच्या तोंडाशी जिथे हात हवा तिथे फोटो कापलाय.

या शुक्रवारी रॉकीकडे जेवण होतं. मावशी पहिल्यांदा दुबई बघायला आलीय. लीनाही सोबत आलीय, व्हिजिटवरच. खिडकीतून मरीनातल्या बोटी दिसत होत्या, आणि मावशी त्यांच्याकडे पाठ करून वाढत होती. तिला पाणी वसईतही दिसतं, जावई एका टेबलावर दिसत नाहीत. माझी बायको पोरीच्या क्लासमध्ये अडकली म्हणून मी दोघांच्या वाटणीचं जेवत होतो. रॉकी सीझनच्या गोष्टी सांगत होता, नवीन काठी, नवीन लूअर, या वेळी अजून मोठा काढणार. “विन्स, येतोयस ना रविवारी?” विन्सेंट म्हणाला, बघू.

मावशीने रश्श्याचा डाव उचलला. विन्सेंटने ताटावर हात आडवा धरला. “बास, मम्मी.”

आता आपल्याकडे बास म्हटल्यावर कधी कुणी थांबलंय का? आपल्यात बास म्हणणं म्हणजे आग्रहाला दिलेलं आमंत्रण. पहिला बास लाजेचा, दुसरा रीतीचा, तिसऱ्यानंतर वाढणारी विचार करायला लागते. जावयाचा बास तर मोजतच नाहीत. मी स्वतः सासरी पाच बास म्हणून नऊ वड्या खाल्ल्यात. लहानपणापासून आपण सगळे हेच शिकत आलो की समोरचा पुरे म्हणतो तेव्हा त्याला अजून हवं असतं, आणि ज्याने ऐकून हात आखडला तो कंजूष.

मावशीने रीतीप्रमाणे डाव पुढे केला. “एवढंसं तर घेतलंस.” बोटांच्या फटीतून ओतायला गेली आणि उकळता रस्सा थेट अंगठ्यावर पडला. तेलाचा, लाल, वाफाळता. विन्सेंटने हात हलवला नाही. तो सेलिनशी काहीतरी बोलत होता, बोलतच राहिला. रस्सा पेरावरून मनगटाकडे ओघळला, मनगटाला लागला, तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं.

मावशीच्या हातातला डाव तसाच राहिला. लीनाने ओल्या रुमालाने त्याचा हात पुसला, रोजचं काम असल्यासारखं. खाली कातडी लाल झाली होती. सेलिन बर्फ आणायला उठली. मी जेवणारा माणूस, पण मीही ताट पुढे सारलं.

विन्सेंटने हात रुमालात गुंडाळू दिला. मग समोर बघून, मीठ मागावं तशा आवाजात विचारलं, “रॉकी, त्या दिवशी तुला काय ऐकू आलं होतं? मासा, की मी?”

रॉकीने ताटातलं हाड बाजूला सारलं. बोटं चाटली, एकेक. पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा प्यायला, खाली ठेवला.

“मासा मोठा होता,” तो म्हणाला.